लागण झालेल्या मादीला वास येतो का?

जव्हार, ६ जुलै २०२५

प्रगती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ठेवून देशील, हे धरूनच लिहायला बसलो आहे. फोन उचलत नाहीस त्याबद्दल माझी तक्रार नाही. उचललास तरी मला बोलता आलं नसतं.

मागच्या वर्षी तुझ्या आईच्या दिवसाला, तेराव्याला, सगळी भाऊकी ओट्यावर जेवायला बसली होती. तेव्हा मी म्हणालो की नऊ सप्टेंबरला सकाळी तू तिला डासांचं औषध न लावताच जव्हारला निघून गेलीस आणि त्याच दिवशी तिला डेंग्यूचा डास चावला. तू ताटावरून उठलीस, पिशवी भरलीस आणि तुकामामाच्या मोटारसायकलवर बसून नाशिकला गेलीस. तेव्हापासून आपलं बोलणं नाही.

ते मी रागात बोललो असं लोक समजतात. मी मोजून बोललो होतो. तिला ताप चौदा तारखेला आला आणि आठवड्याभरात ती गेली. डास चावल्यापासून ताप यायला चार ते सात दिवस लागतात. मी बोटांवर मागे मागे गेलो आणि नऊवर थांबलो, कारण तिच्या मोडलेल्या पायाच्या एक्स-रेचे कागद आणायला तू त्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीने गेली होतीस. बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात डास गोळा करणाऱ्या माणसाने तारीख सांगितली म्हटल्यावर कोणी उलट विचारलं नाही. तूही काही बोलली नाहीस. तू गप्प राहिलीस म्हणजे मी बरोबर आहे, असं मी धरून चाललो.

आता मला तेवढी खात्री वाटत नाही. त्याचं कारण सांगतो.

डिसेंबरात मी निवृत्त झालो. खोडाळ्याच्या घरी करमत नव्हतं. जूनमध्ये पुण्याच्या एका संस्थेचे लोक जव्हार-मोखाड्यात डासांवर काम करायला आले. त्यांना वाटा आणि पाडे ओळखणारा माणूस पाहिजे होता, म्हणून मला घेतलं. प्रमुख योगिता मॅडम आहेत. वयाने तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या दिवशी आम्हा पाच-सहा जणांना बसवून त्यांनी काम समजावलं. म्हणाल्या, डास पळवणारी सगळी मलमं तपासतात ती निरोगी डासांवर. पण माणसाला आजार देते ती लागण झालेली मादी. विषाणू तिच्या सगळ्या अंगात पसरतो, डोक्यात आणि मिशांतही जातो. मिशांनीच ती वास घेते. मग लागण झालेल्या मादीला मलमाचा वास निरोगी मादीसारखाच येतो का?

प्रगती, बत्तीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. मी गोठ्यांतून, भिंतींवरून, पिंपांतून हजारो डास धरले असतील. त्यांना काय आवडतं आणि ते कुठे बसतात ते मला माहीत आहे. पण त्यातला एखादा आजारी असेल आणि आजारी असल्यामुळे वेगळा वागत असेल, हे मनात आलं नव्हतं. आपण तापात जेवत नाही, वास नको होतात. मग त्यांचं काय होत असेल?

त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे. तू औषध लावलं असशील आणि तरीही मादी बसली असेल, असं होऊ शकतं का?

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

बाबा


जव्हार, २० जुलै

प्रगती,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

आमच्या कामाबद्दल लिहितो, कारण दुसरं लिहायला सुचत नाही. काळ्या रंगाचे डबे घेऊन त्यात थोडं पाणी घालतो आणि आत जाड कागदाची पट्टी उभी करतो. एसटी डेपोमागे जुने टायर पडलेत तिथे, खोडाळ्याच्या बाजारात, मोखाड्याकडच्या चार पाड्यांवर असे डबे ठेवले आहेत. डेंग्यूची मादी पाण्याच्या काठाला, पट्टीवर अंडी घालते. काळ्या तिळाची कणी करावी तेवढी बारीक. पट्टी वाळवून ठेवली तर महिनोन्‌महिने अंडी जिवंत राहतात. पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी अळ्या. काही पट्ट्या पुण्याला जातात, काही इथल्या खोलीत मी वाढवतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत डासांना विषाणू देतात. इथे फक्त निरोगी डास. इथे विषाणू आणायला परवानगी नाही आणि तेच बरं आहे.

प्रत्येक पिंजऱ्यावर कोषातून निघाल्याची तारीख लिहिलेली असते. ही माझ्यासाठी नवीन गोष्ट. गोठ्यात धरलेल्या डासाचं वय मला कधी माहीत नसायचं. आता मी रोज बघतो की तीन दिवसांची मादी कशी उडते आणि पंधरा दिवसांची कशी. म्हाताऱ्या मादीचे पंख कडेला झिजतात. पायांवरचे पांढरे पट्टे पुसट होतात. ती कमी उडते, पण हात जवळ नेला की लवकर येते. योगिता मॅडमना मी हे सांगितलं तर त्या वही काढून लिहायला लागल्या. म्हणाल्या, "काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो, कोणी विचारलं नव्हतं.

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जमलं तर एका ओळीत कळव.

त्या बाटलीतलं औषध तू आईला एका वेळी किती लावायचीस?

आणि कुठे कुठे?

तू नर्स आहेस, तुला नेमकं आठवत असेल. दोष काढण्यासाठी विचारत नाही. भाताच्या आवणीच्या वेळी बांधावरून घसरून तिचा पाय मोडला, प्लास्टर झालं आणि ती ओट्यावर दिवसभर पडून असायची. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्यामुळे दिवसाचंच औषध महत्त्वाचं होतं. ते लावायला तू महिनाभर रजा काढून आली होतीस, हे मी विसरलेलो नाही.

बाबा


जव्हार, ३ ऑगस्ट

प्रगती,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर वर्षभराने बघितलं.

तू लिहिलंस: "दोन बोटांवर मावेल तेवढं. दोन्ही हात, चांगला पाय, मान, कानामागे. रोज सकाळी आणि दुपारी. नऊ तारखेलाही, गाडी धरायच्या आधी, साडेपाचला. ती झोपेत होती."

खाली नाव नाही. चालेल.

म्हणजे मी भाऊकीसमोर बोललो ते खोटं होतं. कार्ड तीन वेळा वाचलं आणि शर्टाच्या खिशात घालून कामावर गेलो. दिवसभरात एक पिंजरा उघडा ठेवला. चाळीस डास खोलीभर झाले. योगिता मॅडमही जाळी घेऊन डास धरत बसल्या.

रविवारी तुकामामा घरी आला होता. त्याला मी कार्डाचं सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, तुमी डासाला धा वेळा इचारता आन्‌ पोरीला एकदा पन इचारलं नाय." मग चहा न घेता गेला. तुझ्या आईचा भाऊ शोभतो.

आता पुढचा प्रश्न तसाच उरतो. तू लावलं होतंस. मग मादी बसली कशी?

मॅडमनी सांगितलं की परदेशात एका वेगळ्या विषाणूवर असं काम झालं आहे. लागण झालेल्या माद्या मलम लावलेल्या कातडीवर निरोगी माद्यांपेक्षा लवकर येऊन बसल्या होत्या. आणखी कोणाला तसं काही दिसलं नाही. म्हणजे अजून पक्कं कोणालाच माहीत नाही. आपल्या डोंगरातल्या डासांवर तर कोणीच बघितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला तो प्रयोग आहे आणि मॅडम मला नेणार आहेत. जव्हारच्या पट्ट्यांतले डास आहेत, तुम्हीच वाढवलेत, बघायला चला म्हणाल्या.

मला खरं सांगायचं तर जायची घाई झाली आहे. विषाणूने मादीचा वासच मारला असेल, तर त्यात तुझा दोष नाही, माझाही नाही.

बाबा


जव्हार, १७ ऑगस्ट

प्रगती,

पुण्याला जाऊन आलो.

लागण झालेले डास ठेवतात तिथे मला आत सोडलं नाही. दोन दारं, त्यापुढे आणखी एक दार. आतल्या मुलींनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेले. मी काचेबाहेर स्टुलावर बसलो होतो. सकाळी दहा ते चार. दुपारी मॅडमनी डबा आणून दिला तो मांडीवरच खाल्ला.

पिंजऱ्यात दोन नळ्या सोडतात. आत कोमट पाणी फिरतं म्हणजे त्या माणसाच्या अंगाइतक्या गरम राहतात. टोकाला रक्तात भिजवलेला कापूस. एका नळीभोवती मलमाचा कागद, दुसरीभोवती साधा. किती माद्या कुठे बसतात ते पाच मिनिटं मोजायचं. मग नळ्यांच्या जागा बदलून पुन्हा; तरुण माद्यांवर आणि म्हाताऱ्यांवर, कधी कमी मलम, कधी जास्त. आधी निरोगी माद्या, मग त्याच दिवशी जन्मलेल्या लागण झालेल्या.

मी बाहेरून माझ्या परीने मोजत होतो. काचेतून नीट दिसत नव्हतं तरी मोजत होतो. लागण झालेल्या माद्या एका जागी नीट बसत नाहीत. सोंड टोचतात, उचलतात, सरकतात, पुन्हा टोचतात. निरोगी मादी एकदा बसली की पोट भरूनच उठते. मला वाटलं, झालं, फरक आहे. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

पण संध्याकाळी मॅडमनी आकडे मांडले तेव्हा मलमाच्या बाबतीत फरक निघाला नाही. लागण झालेल्या माद्याही मलमाच्या नळीपासून निरोगी माद्यांइतक्याच लांब राहिल्या. एक-दोन इकडे तिकडे. मॅडम म्हणाल्या की एवढ्यावर काही ठरवायचं नाही, हा प्रयोग अजून कितीतरी वेळा करावा लागेल. पण त्यांच्या तोंडावरून मला कळलं की त्यांना वेगळं काही अपेक्षित नव्हतं.

मी विचारलं, म्हणजे तिला वास येतो?

"येतो काका. आजारी असली तरी येतो."

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही. मी इतक्या लांब गेलो होतो ते "येत नाही" हे ऐकायला.

परत येताना गाडीत मॅडमनी एक गोष्ट सांगितली. आजच्या तक्त्यात फरक दिसला तो वयाचा. पाच दिवसांच्या माद्या थोड्या मलमालाही घाबरतात. पंधरा-अठरा दिवसांच्या माद्यांना थांबवायला जास्त मलम लागतं, मग लागण असो की नसो. असं आधीही कोणाला तरी दिसलं होतं म्हणे.

आणि आता बघ. मादी आजारी माणसाचं रक्त प्याली तरी तो विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत यायला आठ-दहा दिवस जातात. त्याआधी ती कितीही चावली तरी कोणाला डेंग्यू होत नाही. म्हणजे जी मादी आजार देते ती तरुण नसतेच. ती कायम म्हातारी असते. तुझ्या आईला चावली ती निदान बारा-पंधरा दिवसांची होती, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

बत्तीस वर्षं मी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगत आलो. शाळांमध्ये, ग्रामसभांमध्ये. एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

मलम पूर्ण जोराचं असेल तर म्हातारी मादीही बहुतेक वेळा लांब राहते. हेही त्या तक्त्यात होतं.

पुढचं पत्र लिहायला मला थोडा वेळ लागेल.

बाबा


जव्हार, ३१ ऑगस्ट

प्रगती,

सरळ लिहितो.

गेल्या सोमवारी मॅडमची परवानगी काढून मी इथल्या खोलीत स्वतःच्या हातावर एक तपासणी केली. डास निरोगी आहेत, त्यामुळे हात घालायला हरकत नाही. पंजावर रबरी मोजा, मनगट ते कोपर उघडं, पिंजऱ्यात तीस माद्या, तीन मिनिटं. पाच दिवसांच्या माद्यांच्या पिंजऱ्यात नुसत्या हातावर बावीस बसल्या. मलम लावलेल्या हातावर एकही नाही. अठरा दिवसांच्या पिंजऱ्यात मलम लावलेल्या हातावर एक.

मग मी घरून आणलेली बाटली काढली. त्यातलं लावून पाच दिवसांच्या पिंजऱ्यात हात घातला तर तीन बसल्या. वाईट नाही. तेच लावून अठरा दिवसांच्या पिंजऱ्यात घातला तर चौदा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेरा. तिसऱ्या दिवशी सोळा. हात कोपरापर्यंत सुजला आहे म्हणून अक्षर असं आलं आहे.

मॅडमनी विचारलं, "बाटलीत काय आहे?"

मी सांगितलं, एक भाग मलम, तीन भाग खुरासणीचं तेल.

"असं कोणी वापरतं का?"

"एका घरात वापरलं," मी म्हणालो.

तुझ्या आईला मलम सोसत नव्हतं. तू यायच्या आधी चार दिवस मी तिला नुसतं मलम लावत होतो. ती म्हणायची, "ह्या वासानं मला जेवान जात नाय. अंग चिकाट चिकाट होतंय." पाचव्या दिवशी तिने ट्यूब ओट्यावरून खाली फेकली, ती कोंबड्यांच्या खुराड्यावर पडली. तिला लहानपणापासून अंगाला खुरासणीचं तेल लावायची सवय. म्हणून मी मलम तेलात घोटलं, माक्याच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि लेबल काढून टाकलं. तिला काही बोललो नाही. ती लावून घ्यायला लागली. तू आलीस तेव्हा तुला सांगितलं की हे ऑफिसातून आलेलं नवीन पातळ औषध आहे.

ते मी खोटं सांगितलं.

खरं का सांगितलं नाही, याचं उत्तर लाज वाटण्यासारखं आहे. आश्रमशाळांच्या वसतिगृहांना मलम देतात तेव्हा मुलींना पुरावं आणि नीट पसरावं म्हणून तिथल्या बाया ते तेलात कालवतात. असं करू नका म्हणून मीच जव्हार-मोखाड्यातल्या वसतिगृहांना पत्रं लिहिली होती, वर्षातून दोनदा. खोडाळ्याच्या वसतिगृहातल्या हिराबाईला तर मी मुलींसमोर बोललो होतो. त्याच माणसाच्या घरात तसलीच बाटली आहे हे तुलाही कळू नये असं मला वाटलं.

आणखी एक आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आईच्या दिवसाला मी नऊ तारीख सांगितली तेव्हा ती बाटली मला आठवत होती. मी विसरलो नव्हतो. चावण्याची तारीख मोजताना दहा आणि आठ तारखाही बसत होत्या. त्या दोन्ही दिवशी तू घरात होतीस आणि औषध लावलेलं मी स्वतः बघितलं होतं. त्या तारखा धरल्या असत्या तर पुढचा प्रश्न औषधाचा आला असता. म्हणून मी तू नसलेली तारीख धरली.

मादी कुठल्या दिवशी बसली ते कधीच कळणार नाही. पुरं मलम असतं तर ती बसलीच नसती असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. अठरा दिवसांच्या तीस माद्यांमधली एक मलमावरही बसली होती, आणि चावायला एकच पुरते. पण एक आणि चौदा यातला फरक मला मोजता येतो.

हे तुला कळल्यावर तू काय करशील ते तुझं तू ठरव.

बाबा


खोडाळा, २४ सप्टेंबर

प्रगती,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी काहीच बोललो नाही. तू दोनदा "ऐकताय ना?" विचारलंस. ऐकत होतो. माझ्या वाट्याचं बोलणं आता लिहितो.

तू म्हणालीस, "बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. झाकण उघडलं की खुरासणीचा वास. ते ओळखायला नर्सचं शिक्षण लागत नाही."

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो होतो. बराच वेळ गाईचं शेपूट तोंडावर येत होतं, तेही कळलं नाही.

तू म्हणालीस की तू आईला विचारलंस, बाबांना सांगू का, आणि ती म्हणाली, "राहू दे. तुझ्या बापाला वाटतंय मला कळत नाय. त्याला वाटू दे. ह्याचा वास तरी घरचा हाय." आणि तू नर्स असूनही रोज तेच लावत राहिलीस, कारण ती ते लावून घेत होती. म्हणून मी भाऊकीसमोर बोललो तेव्हा तुला वाटलं की तारीख चुकीची असेल, पण गुन्हा तुझाच आहे. उलट बोललीस असतीस तर बाटलीचं सांगावं लागलं असतं आणि माझ्याकडे बघून तुला ते सांगवलं नाही.

म्हणजे घरात आपण तिघं होतो आणि तिघांनाही ठाऊक होतं. मी तुमच्यापासून लपवत होतो आणि तुम्ही दोघी माझ्यापासून, की तुम्हाला कळलेलं आहे. मधल्या मधे ती मादी. मी बत्तीस वर्षं लोकांना विचारत फिरलो की घरात पाणी साठवलेली भांडी किती, उघडी किती, झाकलेली किती. घरात न बोललेलं काय आहे हे विचारायचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता.

तू शेवटी म्हणालीस, "लोकांना काय सांगायचं ते सांगा. मला समोर येऊन सांगा." आणि फोन ठेवलास.

तुझा फोन यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आईचं वर्ष झालं. तू आली नव्हतीस तरी सगळं रीतीप्रमाणे केलं. मागच्या वेळची बहुतेक माणसं होती. जेवणं व्हायच्या आधी मी उभा राहिलो आणि हकिगत सांगितली. नऊ तारखेला तू औषध लावलं होतंस. औषध मी पातळ केलं होतं. तारीख मी सोयीची निवडली होती. एवढं तीन वाक्यांत झालं. मग मी म्हाताऱ्या मादीचंही सांगत बसलो, अंडी, कोष, पिंजरे सगळं.

रंगूआत्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, तिला कोणी अडवत नाही. ती म्हणाली, "गोरख, वरीसभर पोरीला घराबाहेर ठेवलीस आन्‌ आता आमाला डासाचं वय सांगतोस व्हय?" लोक हसले. मलाही ते बरं वाटलं, का ते माहीत नाही. तुकामामा हसला नाही. त्याने सगळ्यांना वाढलं आणि माझ्या ताटात सर्वांत शेवटी वाढलं, पण वाढलं.

हिराबाईही आली होती, वसतिगृहातली. हात धुताना माझ्याशेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली की ती अजून कालवते. मुली नुसतं मलम लावूनच घेत नाहीत, मग काय करायचं ते सांगा. मी तिला कालवू नका म्हणालो नाही. ते तर मी वीस वर्षं म्हणत होतो. मी तिला विचारलं, किती तेल घालता, कुठलं, मुलींना वास नको असतो की चिकटपणा नको असतो. तिला हे आधी कोणी विचारलं नव्हतं. ती बराच वेळ बोलली. काल हे मी योगिता मॅडमना सांगितलं. तेलात किती मलम घातलं तर म्हातारी मादी लांब राहील आणि मुलीही लावून घेतील, हे इथल्या पिंजऱ्यांत बघता येईल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, बघू या. हात मात्र दुसऱ्या कोणाचा तरी घ्या, तुमचा पुरे.

भाऊकीला मी झालं ते सांगितलं. माफी मागितली नाही, कारण ती त्यांची नव्हती.

शुक्रवारी जव्हारहून सकाळी सुटणारी नाशिकची गाडी धरतो. तुझी ड्युटी असली तर मी दवाखान्याच्या खाली बाकावर बसेन, घाई नाही. सोबत कागद आणणार नाही. जे म्हणायचं ते दोनच शब्दांचं आहे, पण मी ते आजवर कोणालाही मोठ्याने म्हटलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. गाडीत म्हणून बघावं असं मनात आहे. मोखाड्यापर्यंत सगळी ओळखीची माणसं असतात, तोपर्यंत जमायचं नाही. त्र्यंबकला गाडी रिकामी होते. तिथून पुढे बघतो.

बाबा